वारुळाच्या माळावर गवत नाही

९ जुलै

नाही, पण पापांचं ते म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. "ज्या जनावराचं दूध काढता येत नाही ते बघायला लोक विमानाने येतात, आणि तू त्यांची गाडी हाकणार?" एवढं बोलून ते उठले आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले. आता अर्ध्या चहाला मी काय उत्तर देणार? म्हणून तुला लिहितेय.

तर ठरलंय ते असं. ऑगस्टमध्ये सफारी गाईडची परीक्षा. पास झाले तर बॅज, हिरवा शर्ट आणि कॅम्पची गाडी माझ्या हातात. आमच्या गावातली गाईड झालेली पहिली मुलगी मी असेन. नापास झाले तर नारोक शहरात मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, खिळे आणि पत्रे विकत. पापांनी अट घातलीय: "एकदाच. दुसऱ्यांदा नाही." येयो मध्ये पडायला गेली, तर म्हणाले, "तू तिची आई आहेस की वकील?"

मामाच्या दुकानासमोर एक झाड आहे आणि त्यावर एक कावळा आहे. बस. एवढंच वन्यजीवन.

१२ जुलै

आले! विल्डबीस्ट आले! सकाळी धुकं उठलं तेव्हा दक्षिणेकडची टेकडी काळी दिसत होती. मला वाटलं वणवा लागून गेला. मग टेकडी हलली.

ही दाढीवाली, बैलतोंडी रानहरणं मी दर वर्षी बघते, लहानपणापासून बघते, तरी दर वर्षी वेड्यासारखी ओरडते. त्यांचा तो आवाज! जणू हजारो म्हातारे एकदम "हं… हं…" करून कुणाचं तरी म्हणणं ऐकून घेतायत. मध्ये मध्ये झेब्रे, शहाण्या पाहुण्यांसारखे. आणि सगळ्यांच्या मागून ती सुळेवाली रानडुकरं, शेपट्या ताठ वर करून, जणू मिरवणूक त्यांनीच काढलीय.

कोइकाई शेजारी बसून कान कोरत होते. ते सीनियर गाईड, माझ्या परीक्षेची तयारी तेच करून घेतात. म्हणाले, "मॅडम गाईड, ओरडणं पाहुण्यांचं काम. आपलं काम ओरडायचं नाही, गाडी कुठे उभी करायची ते ठरवायचं."

मी म्हटलं, "तुम्हाला काहीच होत नाही का हो?"

"होतं ना. लग्न झालेला माणूस घरी गेल्यावर जसा गप्प हसतो, तसं होतं."

१५ जुलै

गाडीतल्या वॉकीटॉकीवरची भाषा पाठ करतेय. वॉकीवर सिंहाला सिंह म्हणायचं नाही. पाहुणे ऐकतात, मग "सिंह सिंह" करत गाडीत उभे राहतात, आणि जाऊन बघावं तर सिंह गायब. म्हणून सिंह म्हणजे 'शारुबू', मिशीवाला. तरसाची, चित्त्याची, बिबट्याचीही नावं ठरलेली. पण आता पाहुणे एवढे हुशार झालेत की परवा एका म्हाताऱ्या बाईनेच मागून विचारलं, "आज शारुबू कुठेयत?" कोइकाईंनी तोंडात मारल्यासारखा चेहरा केला.

आमच्या भागातली शारुबू म्हणजे नालांगू. तिचा डावा कान फाटलेला आहे आणि ती ओढ्यापलीकडच्या झुडपात तीन पिल्लं घेऊन राहते. पिल्लं अजून एवढी लहान आहेत की आईच्या शेपटीचीच शिकार करतात. मला तिथे दिवसभर बसायला दिलं तर मी जेवायचीही नाही.

ओढा ही आमची हद्द. अलीकडे गावाची गुरं, पलीकडे वन्य जनावरं. नालांगूने आजवर गावाच्या एकाही गाईला हात लावलेला नाही. लावला तर काय होईल ते मला माहितेय. गावातली तरणी पोरं भाले उचलतील, आणि मग तीन पिल्लांना शेपटी कुणाची?

१९ जुलै

माझी जुनी दुर्बीण हरवलीय. एका बाजूची काच तडकलेली, पण दुसऱ्या बाजूने स्वच्छ दिसायचं. येयोला विचारलं, तर ती चूल फुंकत बसली आणि एवढी फुंकली की उत्तरच आलं नाही. कोणी न्यावी ती? तडकलेली दुर्बीण चोरणारा चोर किती गरीब असेल!

२२ जुलै

पापांशी पुन्हा वाजलं. मी घरी आले, वाकून डोकं पुढे केलं, त्यांनी नेहमीसारखा हात ठेवला आणि हात डोक्यावर असतानाच म्हणाले, "ओढ्यात एवढ्या जोरात गाडी घालतात का? रेडा पण पाण्यात उतरताना थांबतो."

मी गार. आज खरंच घातली होती जोरात, पाणी काचेवरून उडालं होतं. म्हणजे कोइकाईंनी चुगली केली! उद्या बघतेच त्यांच्याकडे.

२३ जुलै

कोइकाई म्हणतात, "तुझ्या बापाला भेटायला मला वेळ कुठाय? आणि भेटलो तर मी तुझं बोलेन की माझ्या गुडघ्याचं?" शपथ घेतली. गुडघ्याची घेतली, म्हणजे खरंच असावं.

मग पापांना कळलं कसं?

२६ जुलै

आज वारुळाच्या माळाजवळून जाताना कोइकाई म्हणाले, "तो बघ लाल ठिपका. आज पण."

मी बघितलं. ओढ्याच्या अलीकडे, सगळ्यात उंच वारुळाशेजारी, एका पायावर उभे, काठीवर रेललेले पापा. आणि आमच्या गाई काट्यांमध्ये तोंड खुपसून उभ्या.

मला जरा वाईटच वाटलं. त्या माळावर गवत नाही गं! दगड आहेत, काटे आहेत, वारुळं आहेत. चांगलं गवत नदीच्या वळणावर, अगदी उलट्या दिशेला. इतकी वर्षं गाई गुराख्याकडे असायच्या. आता पापा म्हणतात तो आळशी आहे, आणि स्वतः घेऊन जातात. वय झालं की माणसाचा अंदाज चुकतो, असं शाळेत आमच्या बाई म्हणायच्या.

कोइकाई माझ्याकडे बघून नुसतेच हसले. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणाले, "काही नाही. गुडघा."

रात्री येयो पापांना ऐकू जाईल अशा आवाजात दूध साठवायच्या वाळक्या भोपळ्याशी बोलत होती: "बाबा रे, अर्धाच भरलास. तुझा तरी काय दोष? दगड खाल्ल्यावर दूध कुठून येणार?"

पापा भोपळ्याकडे बघत म्हणाले, "केरीला तिकडचा वारा मानवतो."

केरी माझी गाय. म्हणजे माझं नाव ठेवलं, पहिल्यांदा डोकं भादरलं, तेव्हा पापांनी मला जी कालवड दिली होती, तिची ही पणती. पांढऱ्यावर काळे शिंतोडे, एक शिंग खाली वळलेलं, आणि स्वभावाने माझ्यासारखी, म्हणजे कुठेही घुसते.

२ ऑगस्ट

आज एक गंमत. मी वारुळाच्या माळाजवळ गाडी हळू केली आणि केरी कळपातून निघून सरळ ओढ्याच्या काठाशी आली. गाडीचा आवाज ऐकून! कान पुढे, मान वर. मी हाक मारली तर शेपूट हलवली. तिला या गाडीच्या आवाजाची सवय कधी झाली? गाईंना गाड्यांचा राग असतो.

पापांना सांगितलं. ते म्हणाले, "मूर्ख गाय आहे." मग थोड्या वेळाने, "कान पुढे होते का?"

"हो."

"हं."

विल्डबीस्टसारखं. हं.

८ ऑगस्ट

पाठांतर, पाठांतर, पाठांतर. जिराफाची जीभ काळी का, हत्तीचे दात किती वेळा बदलतात, नीलपंख उडताना गिरक्या का घेतो. पापांना वाटतं मी खुळी झालेय. आज जेवताना त्यांनी विचारलं, "तरस लंगडतो का, ते तुझ्या पुस्तकात आहे का?"

मी म्हटलं, "तो लंगडत नाही पापा. त्याचे पुढचे पाय लांब असतात."

"चूक. त्याने उधारीवर मांस खाल्लं आणि कावळ्याने पायावर मारलं. परीक्षेत विचारलं तर हे सांग."

"मग मी नक्कीच नारोकला जाईन."

यावर ते हसले नाहीत. ताटातली उगाली, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, बोटांनी गोल गोल करत बसले. माझंच चुकलं, अटीची आठवण करून द्यायला नको होती.

१३ ऑगस्ट

उद्या.

झोप येत नाही वगैरे म्हणायला पाहिजे, पण मला प्रचंड झोप येतेय. एकच सांगते. संध्याकाळी पापा दारात बसून काठी तासत होते. मान वर न करता म्हणाले, "उद्या कुठल्या रस्त्याने नेणार तो मास्तर?"

मी म्हटलं, "आधी अंजिराची झाडं, मग ओढ्याच्या पलीकडून वारुळांसमोरून, मग खडक. का?"

"सहज."

बोलायला विषय नसला की माणसं असंच काहीतरी विचारतात. बिचारे. मीच जरा जास्त बोलायला हवं त्यांच्याशी.

१४ ऑगस्ट

सगळं सांगते. पण हसायचं नाही. आणि रडायचंही नाही, ते माझं झालंय करून.

पहाटे कोइकाई गाडी घेऊन घरी आले. येयोने गवताच्या काडीने गाडीवर दूध शिंपडलं. कोइकाई म्हणाले, "येयो, काच तेवढी सोड, आत्ताच पुसलीय." ती म्हणाली, "काचेलाच सगळं दिसतं, तिलाच आशीर्वाद नको?" आणि काचेवर डबल शिंपडलं. पापा घरी नव्हतेच. गाई घेऊन अंधारातच गेले होते, आणि येयो म्हणाली, ठेवणीतली नवी लाल शाल पांघरून. गाई चारायला नवी शाल! गाडीच्या आरशाला आधीच कुणीतरी शुभ म्हणून हिरव्यागार गवताची जुडी बांधली होती. कोइकाई तसे प्रेमळ आहेत.

परीक्षा घेणारे म्वालिमू ओकुंबे. म्वालिमू म्हणजे मास्तर. मोठ्या तळ्याकाठचे आहेत, मासे खाणारे, आणि आम्हा गाईवाल्यांची टर उडवल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. परीक्षेत ते पाहुण्याचं सोंग घेतात आणि शक्य तितके वेडे प्रश्न विचारतात.

"गाईडताई, हे झेब्रे पांढरे असून काळे पट्टे आहेत की काळे असून पांढरे?"

"तुम्ही कुठल्या बाजूने बघता त्यावर आहे, साहेब. कातडी मात्र काळी."

"सिंह शाकाहारी असतात का?"

"जेवण झाल्यावर असतात."

मागून कोइकाई खोकले. म्वालिमूंच्या मिशीखाली काहीतरी हललं. ओढा मी इतका अलगद ओलांडला की पाण्याला कळलंही नसेल. अंजिराच्या झाडात घुबड दाखवलं. हत्तीण पिल्लासमोर आडवी उभी होती, तर मी गाडी लांबच थांबवली, तिच्या कानांकडे बघून. सगळं छान चाललं होतं. इतकं छान की मी मनात हिरवा शर्ट घालून बघितला.

मग आम्ही वारुळांसमोर आलो आणि म्वालिमू खरंच विसरले की ते पाहुणे आहेत. "शारुबू," ते पुटपुटले.

नालांगू. गवतात, आमच्यापासून अगदी जवळ, पोट जमिनीला टेकवून. फाटका कान मागे, खांदे वर. मी इंजिन बंद केलं. म्वालिमूंनी मान डोलावली, म्हणजे बरोबर. पिल्लं मागे झुडपात, अगदी शहाण्यासारखी गप्प. शिकार! परीक्षेत शिकार दिसणं म्हणजे लॉटरी.

ती कुणावर दबा धरतेय ते बघायला मी कॅम्पची दुर्बीण उचलली. उंच गवतात काहीतरी पांढरं. झेब्रा? मग एक शिंग दिसलं. खाली वळलेलं.

केरी. ओढा ओलांडून. कान पुढे करून, गाडीच्या दिशेने, डुलत डुलत, जणू लग्नाला निघालीय.

ऐक, नियम मला पाठ आहे. शिकारीत पडायचं नाही. आवाज करायचा नाही. गाडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. निसर्गाचं निसर्गाला. हे मी कितीदा लिहून काढलंय! मी बसून राहिले. खरंच बसून राहिले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. नालांगूची शेपटी एकदा हलली. आणि मला दिसलं, केरी खाली, मग संध्याकाळी पोरं भाले घेऊन निघालेली, मग झुडपातली तीन पिल्लं.

दार कधी उघडलं आठवत नाही. मी पायरीवर उभी राहिले आणि पापांची हाक दिली, पाण्यावरून गाई परत फिरवायची. "हूऽऽऽऽ… तोऽ तोऽ तोऽऽ… केरीऽऽ!"

केरी थांबली. नालांगू झटकन उठून बसली आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिची नजर मी विसरणार नाही. भर जेवणात ताट ओढल्यावर बघावं, तशी.

पण केरीला कळेना कुठे जावं. हाक घरची, आणि येतेय गाडीतून! ती परत एक पाऊल माझ्याकडे यायला लागली. तेवढ्यात ओढ्याच्या गावाकडच्या काठावरून, वारुळापासून, तीच हाक आली. माझ्यापेक्षा दुप्पट मोठी. पापा! नवी लाल शाल दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवत उड्या मारत होते. आमचे पापा, उड्या! केरी गर्रकन वळली आणि पाणी उडवत पळाली. नालांगूने जांभई दिली, जणू तिला भूक नव्हतीच, आणि पिल्लांकडे निघून गेली.

नशीबच म्हणायचं की पापा नेमके तिथे होते, आणि नेमके इकडेच बघत होते.

म्वालिमू म्हणाले, "तुझा डावा पाय कुठाय?"

मी खाली बघितलं. जमिनीवर होता.

"एकच आहे, म्वालिमू. दुसरा आत आहे."

"सिंहीण अर्धा माणूस खात नाही."

"पण ती गाय होती. गाय वन्य प्राणी नाही. नियम वन्य प्राण्यांसाठी आहे."

"सिंहीण आहे ना वन्य? तिच्या शिकारीत तू पडलीस." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोरी, तुझ्याइतकी चांगली गाडी या वर्षी कुणी चालवली नाही. त्या हत्तिणीपाशी तर मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण उद्या तुझ्यामागे कुणाची तरी आई बसलेली असणार, आणि तू दार उघडून खाली उतरणार. मी पास नाही करू शकत."

"आणि केरी मेली असती तर? मग नालांगूला मारलं असतं."

"माहितेय मला," ते म्हणाले. "म्हणूनच मी तुला आत ओढलं नाही. नापास करणं वेगळं आणि चूक म्हणणं वेगळं." मग जरा वेळाने, "मासा असता तर हा प्रश्नच आला नसता. माशाला हाक मारून कोणी बघितलंय का?"

कोइकाई एवढे हसले की त्यांना उतरून झाडामागे जावं लागलं. आधी सिंहीण नाही ना ते बघून.

नापास. मी नापास झाले.

१५ ऑगस्ट

काल पापांशी बोलायची हिंमत झाली नाही. आज सकाळी ते केरीच्या पायातला काटा काढत होते. मी डोकं पुढे केलं. हात पडला, आणि राहिला. नेहमीपेक्षा जड होता. थकले असतील, काल उड्या मारल्या ना.

मी म्हटलं, "पापा, मी बॅग भरते. नारोकला कधी जायचं?"

ते काट्याकडे बघत म्हणाले, "मामाच्या दुकानात रंगकाम चाललंय. आत्ता जाऊन काय करणार?"

"रंगकाम? मामा काही बोलला नाही."

"सगळं तुला सांगून करतो का तो?" मग केरीच्या पाठीवर थाप मारली. "आणि चूक गाईची होती. गाईच्या चुकीला पोरीला नारोक, हा कुठला न्याय? अट परीक्षेची होती. ही परीक्षा झालीच कुठे? मध्ये गाय आली."

येयो आतून म्हणाली, "गाय आली की आणली?"

"तू चहा बघ," पापा म्हणाले.

येयो एवढी हसली की चहा उतू गेला. मला कळलं नाही त्यात हसण्यासारखं काय होतं. पण पापांनी आज चहा पूर्ण प्यायला.

२१ ऑगस्ट

म्वालिमूंचा निरोप आला! ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा. कोइकाईंनी माझ्या गाडीच्या दाराला दोरी बांधलीय आणि दुसरं टोक माझ्या डाव्या पायाला बांधायचं म्हणतात. आज नालांगूला बघायला गेलो होतो. तिन्ही पिल्लं ठीक आहेत. तिने मला ओळखलं असावं. पाठ फिरवून बसली.

आणि दुर्बीण सापडली! पापांच्या गाठोड्यात, काठीच्या तासलेल्या तुकड्यांबरोबर. ते म्हणाले, माळावर पडलेली मिळाली. मी माळावर कधी गेले होते बरं?

२४ ऑगस्ट

आज एवढंच. जेवणं झाली, मी पाठांतर करत होते. पापा काठीला तेल लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये कुठल्या रस्त्याने नेणार तो मास्तर?"

मी म्हटलं, "तोच रस्ता. वारुळांसमोरून. पण पापा, तेव्हा तरी गाई नदीच्या वळणावर न्या ना. माळावर गवतच नाही."

"केरीला दावं लावीन," ते म्हणाले. "पण माळ बरा आहे. तिथून सगळं दिसतं."

सगळं म्हणजे काय? दगड, काटे, ओढा, आमचा गाडीचा रस्ता. बघण्यासारखं तिथे आहे तरी काय? मी मघापासून विचार करतेय आणि मला काही सुचत नाहीये. तू सांग, पापा तिथे जातात तरी कशाला? तुला काय वाटतं?